मुलाला पथ्य असताना थीम पार्कातलं जेवण कसं जमवावं

थीम पार्कला जायचं ठरलं की मुलं राइड्सची यादी करतात. ज्यांच्या मुलाला गहू चालत नाही, किंवा दुधाची नाहीतर शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, ते आईबाबा मात्र दुपारी त्याला काय खायला घालायचं या विचारात असतात. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत हा बहुतेक पार्कांचा नियम, आणि आत मिळतं त्यात मैदा, चीज आणि तळण यांचाच भरणा. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या पार्कात घरचा डबा हेच मुख्य जेवण समजा. आत काही खात्रीचं मिळालं तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर निघू नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकासारखं मोठं पार्क डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. एखाद्या वॉटर पार्कला जाणार असाल तरी तयारी हीच.

१. पथ्य किती कडक आहे ते आधी पक्कं करा

सगळी पथ्यं सारखी नसतात, आणि पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात. सेलिआक हा आजार असलेल्या मुलाच्या पोटात ग्लुटेन, म्हणजे गहू-बार्लीतलं प्रथिन, गेलं की लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. वरून काही त्रास दिसला नाही तरी आत ती होत असते, म्हणून ‘एक दिवस खाल्लं तर काय होतंय’ हे इथे चालत नाही. दूध किंवा शेंगदाण्याच्या ॲलर्जीत तर काही मुलांना अगदी कणभराने जिवावर बेतू शकतं. याउलट, फक्त लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसेल तर पोट दुखेल, जुलाब होतील, पण तव्याला लागलेल्या लोण्याने आकाश कोसळत नाही. सामायिक तवा, तेल आणि चमचा तुमच्या मुलाला चालतो का, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. त्याच भेटीत लेटरहेडवर चार ओळींचं पत्र मागून घ्या: मुलाचं नाव, आजार, काय वर्ज्य आहे, आणि घरचं अन्न सोबत असणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे.

२. आठवडाभर आधी फोन, आणि पाठोपाठ ईमेल

फोन मधल्या वारी करा, शनिवार-रविवारी तिथे कुणालाच बोलायला वेळ नसतो. तिकीट विभागाकडून ‘हो हो, सगळं मिळेल’ असं उत्तर आलं तर त्यावर थांबू नका. खाद्यविभागाचे व्यवस्थापक किंवा शेफ यांच्याशी बोलायचंय असं सांगा. डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर डबा आत नेऊ देतील का? गेटवर कुणाचं नाव सांगायचं? कोणत्या रेस्टॉरंटात पदार्थ जागेवर बनतात आणि कुठे तयार येऊन फक्त गरम होतात? प्रथमोपचार केंद्र कुठे आहे? एवढं विचारलंत की पुरे.

फोनवर झालेलं बोलणं लगेच ईमेलने लिहून पाठवा, पत्राची प्रत जोडा आणि उत्तर मागा. त्या उत्तराचा प्रिंट बॅगेत हवा. गेटवर बॅगा तपासणाऱ्या माणसाला तुमच्या फोनबद्दल काही माहीत नसतं, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. कागद पुढे करा, नाहीच ऐकलं तर शांतपणे पर्यवेक्षकाला बोलवायला सांगा.

तिकिटासोबत जेवणाचं कॉम्बो मिळत असेल तर उत्तर येईपर्यंत मुलासाठी ते घेऊ नका. कॉम्बोचं जेवण अनेकदा बुफे असतं, आणि बुफेत पुरीचा चिमटा भातात आणि पनीरचा डाव डाळीत जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. कडक पथ्याच्या मुलाला बुफे नकोच.

३. डबा भरताना

शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावं, हा सर्वसाधारण नियम. एप्रिल-मे महिन्यात खोपोलीला हे लक्षात ठेवाच. म्हणजे ओलसर भाजी, दहीभात वगैरे न्यायचं तर इन्सुलेटेड पिशवी आणि गोठवलेले आइसपॅक हवेत. नाहीतर सरळ टिकाऊ पदार्थ घ्या.

गहू वर्ज्य असेल तर आपलं स्वयंपाकघर मदतीला येतं. ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू, ज्वारीच्या लाह्या, भाजलेले मखाणे, केळी. पण इथे काही छुपे सापळे आहेत. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत गहू येतोच, त्यामुळे सेलिआकसाठी पीठ घरी दळा किंवा ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलं पाकीट आणा. आपल्याकडे त्यासाठी मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमच्या आत अशी आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. आणि बाजारातला बांधानी हिंग! त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबी उलटी करून घटक वाचा, तांदळाचं पीठ वापरलेला हिंगही मिळतो. ढोकळ्यापासून सांबारापर्यंत हिंग कुठेही असतो, आणि हे बऱ्याच जाणत्या लोकांनाही ठाऊक नसतं.

शेंगदाणा वर्ज्य असेल तर नेमकं उलटं होतं. उपासाचे म्हणून सात्त्विक वाटणारे पदार्थ, साबुदाण्याची खिचडी, फराळी चिवडा, चिक्की, हे सगळे दाण्यांनी भरलेले असतात. काकूने प्रेमाने दिलेल्या भरल्या वांग्यातही कूट असतोच.

विकतची पाकिटं घेताना मागची बाजू वाचा. ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे आणि इतर कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन यांचा वेगळा उल्लेख करणं एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांनी बंधनकारक आहे. मसाला चिप्समध्ये दुधाची पावडर सापडते ती अशीच. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, तो फक्त शाकाहार सांगतो.

४. काउंटरवर

आत काही घ्यायचंच असेल तर पावणेबारालाच जा. दीडच्या गर्दीत कुणीही तुमच्यासाठी तवा घासणार नाही. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या साखळी रेस्टॉरंटांनी ॲलर्जीच्या घटकांची माहिती द्यायची असते. तसा एखादा स्टॉल आत असेल तर ती मागा. बाकी ठिकाणी कॅशियरला गाठून उपयोग नाही, आतल्या आचाऱ्याला कार्ड द्या. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरात:

‘माझ्या मुलाला आजार आहे. त्याला गहू, मैदा, रवा, बार्ली अजिबात चालत नाही. हिंग आणि सोया सॉससुद्धा नाही. थोडंसं गेलं तरी त्रास होतो. कृपया स्वच्छ भांडं आणि वेगळा चमचा वापरा. खात्री नसेल तर नाही म्हणा, आम्हाला राग येणार नाही.’

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला माणूस कचरतो, त्याला ती मोकळीक द्या. ‘जैन आहे ना, मग चालेल’ असं उत्तर आलं तर तिथून निघा, कारण समोरच्याला प्रश्नच कळलेला नाही.

प्रश्न पदार्थाबद्दल नको, पद्धतीबद्दल विचारा. फ्राइज बटाट्याचे असले तरी समोसा आणि ब्रेडचा चुरा लावलेले कटलेट त्याच तेलात तळले जातात का? डोशाच्या पिठात रवा आहे का, आणि त्याच तव्यावर रवा डोसा होतो का? सांबार सोडूनच द्या. दुधाची ॲलर्जी असेल तर स्वीट कॉर्न बटर न घालता, न वापरलेल्या भांड्यात मिळेल का? पंजाबी ग्रेव्हीत काजूची पेस्ट आहे का? आइस्क्रीमचा स्कूप सगळ्या डब्यांत फिरतो, त्यापेक्षा छापील घटक असलेली बंद कांडी बरी. गव्हाच्या पथ्यासाठी साधा वाफेचा भात आणि बंद कपातलं दही हा मला सगळ्यात कमी कटकटीचा पर्याय वाटतो. मूल नाक मुरडेल, ते वेगळं.

सोबत आजी-आजोबा, मामे-चुलत भावंडं असतील तर निघण्याआधीच सगळ्यांना बजावा की तुम्हाला विचारल्याशिवाय त्याच्या हातात काही ठेवायचं नाही. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य बहुधा जवळच्याच माणसाचं असतं. भावंडं पिझ्झा खात असताना याच्याकडे नुसती भाकरी नको. त्याच्या आवडीचं, एरवी न मिळणारं काहीतरी त्या घटकेसाठी राखून ठेवा.

५. औषध लॉकरमध्ये नाही

डॉक्टरांनी ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, दिलं असेल तर ते नेहमी मुलाजवळच्या मोठ्या माणसाकडे हवं. लॉकरमध्ये नको, उन्हात तापलेल्या गाडीत तर नकोच. राइडवर बॅग नेता येत नाही, तेव्हा एकाने बाहेर थांबायचं आणि पाळी बदलताना बॅग हातातून हातात द्यायची. अंगावर गांध्या उठून सोबत श्वास लागला, आवाज घोगरा झाला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं, तर आधी ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही. मग १०८ला फोन, आणि पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला कळवा. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच. खोपोली, लोणावळा, पनवेल इथली चोवीस तास सुरू असणारी रुग्णालयं आदल्या दिवशीच नकाशावर शोधून ठेवा.

परदेशी जाणार असाल तर

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं. काचेचं भांडं, दारू, गरम करावं लागणारं आणि उग्र वासाचं काही नको, या मुख्य अटी. तेव्हा सुकट हॉटेलवर ठेवा. तिथल्या बऱ्याच रेस्टॉरंटांत ॲलर्जीसाठी वेगळा मेन्यू असतो, टेबल आरक्षित करतानाच पथ्य नोंदवता येतं. युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती सुट्या पदार्थांसाठीही देणं रेस्टॉरंटांना बंधनकारक आहे, म्हणून पॅरिसच्या डिस्नेलँडला ती हक्काने मागा. मात्र वेगळं बनवलेलं ताट कुठेही उशिराच येतं. मूल भुकेने रडकुंडीला येण्याच्या अर्धा तास आधीच टेबल गाठा.