सांडपाण्यातली औषधं काढायची तर चौथा टप्पा कसा आखावा

सांडपाणी प्रक्रियेच्या नेहमीच्या टप्प्यांनंतर औषधं काढायला जोडतात तो चौथा टप्पा. त्यात औषधांचे रेणू तोडणारा ओझोन घ्यावा की ती शोषून धरणारा सक्रिय कार्बन, हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो आणि मी त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी देते. त्याआधी मी विचारते: सेकंडरी क्लॅरिफायरमधून (जिवाणूंचा गाळ जिथे खाली बसतो त्या टाकीतून) बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्राइट किती? ब्रोमाइड किती? विरघळलेला सेंद्रिय कार्बन, म्हणजे डीओसी, किती? बहुतेक वेळा समोर बीओडी-सीओडीचे (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचे) तक्ते ठेवले जातात. त्यांवरून चौथा टप्पा आखता येत नाही.

नेहमीचा प्लांट घाण, नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला बांधलेला असतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, कॅफीन हे पदार्थ एअरेशन टाकीतले (हवा सोडलेल्या टाकीतले) जिवाणू सहज फस्त करतात. फिट्सवरचं कार्बामॅझेपिन मात्र जसं येतं तसंच निघून जातं. डायक्लोफिनॅक, रक्तदाबाची काही औषधं, भांडी घासायच्या मशीनच्या गोळ्यांतलं बेंझोट्रायाझोल हेही थोडंफारच कमी होतं. प्रमाण लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम. ‘एवढ्याशानं काय होणार’ म्हणणाऱ्यांना मी कॅनडातल्या ऑंटारिओमधल्या प्रयोगाचं सांगते. तिथल्या एका तळ्यात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम एवढंच राखलं होतं. नर माशांच्या अंगात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि मिनो जातीचे छोटे मासे तळ्यातून जवळजवळ नाहीसे झाले.

लक्ष्य काय ठेवायचं? स्वित्झर्लंडनं २०१६ पासून ठरावीक प्लांटना ८० टक्क्यांची अट घातली, तीही १२ निवडक पदार्थांच्या यादीवर. युरोपीय संघाचा २०२४ चा सुधारित कायदाही ८० टक्केच मागतो. लक्षात घ्या, हे ८० टक्के प्लांटमध्ये येणाऱ्या कच्च्या पाण्यापासून धरायचे असतात, म्हणजे जिवाणूंनी केलेलं कामही त्यात जमा होतं. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी यादी तीच वापरा. कार्बामॅझेपिन, डायक्लोफिनॅक, मेटोप्रोलोल, व्हेन्लाफॅक्सिन, बेंझोट्रायाझोल, कँडेसार्टन एवढे सहा घेतले तरी सुरुवात होते. पहिले चार ओझोनला पटकन बळी पडतात, शेवटचे दोन चिवट आहेत. नुसते सोपे पदार्थ मोजून अहवाल छान दिसतो, कळत काहीच नाही.

सॅम्पल घेताना एकदाच बाटली बुडवून चालत नाही. ४८ तासांचं, प्रवाहाच्या प्रमाणात जमा केलेलं सॅम्पल घ्या. पाणी प्लांटमधून जायला जितका वेळ लागतो तितका उशीर आत आणि बाहेरच्या सॅम्पलमध्ये ठेवा, नाहीतर सोमवारचं आत आणि शनिवारचं बाहेर अशी तुलना होते. गडद काचेच्या बाटल्या, ४ अंशाला थंड. पीफास (सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) तपासायचे असतील तर काच नको, पॉलीप्रॉपिलीनची बाटली, आणि टेफ्लॉन जवळपासही नको. सॅम्पल घेणाऱ्या माणसाला आधी विचारा: खांद्याला वेदनाशामक जेल लावलंय का? त्या जेलमध्ये डायक्लोफिनॅकच असतं आणि बोटावरचा किंचित अंश लॅबच्या आकड्यात दिसतो. हातमोजे घालूनही आदल्या दिवशी जेल लावलेल्याला मी त्या दिवशी दुसरं काम देते.

आता ओझोन. डोस पाण्याच्या लिटरवर ठरवायचा नाही, डीओसीवर ठरवायचा. साधारण १ ग्रॅम डीओसीमागे ०.५ ते ०.७ ग्रॅम ओझोन लागतो. हिशोब करून बघू. प्रवाह तासाला ५०० घनमीटर, डीओसी लिटरला ८ मिलिग्रॅम, गुणांक ०.६ धरला तर डोस ४.८ मिलिग्रॅम. इथंच बरेच जण थांबतात. नायट्राइट ओझोनवर आधी ताव मारतं: नायट्राइटच्या रूपातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ३.४ मिलिग्रॅम ओझोन खर्ची पडतो. नायट्राइट (नायट्रोजनच्या हिशोबात) लिटरला ०.३ मिलिग्रॅम असेल तर आणखी एक मिलिग्रॅम वाढवा. एकूण ५.८, म्हणजे तासाला २.९ किलो. जनरेटरमधून बाहेर पडणाऱ्या वायूत वजनानं १० टक्के ओझोन धरला तर ऑक्सिजन तासाला २९ किलो लागेल, आणि ओझोन तयार करायला किलोमागे १० युनिटच्या आसपास वीज. आता नायट्राइट ०.३ वरून १ वर गेलं तर काय होईल ते स्वतः मांडून बघा. डोस तोच ठेवलात तर औषधांच्या वाट्याला जेमतेम अर्धा ओझोन उरतो. म्हणून नायट्रिफिकेशन (जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट होणं) डळमळीत असलेल्या प्लांटला ओझोन विकत घ्यायला मी सांगतच नाही. आधी गाळाचं वय (जिवाणूंचा गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते) वाढवा, हवा नीट द्या, नायट्राइट ०.१ च्या खाली स्थिर होऊ द्या. नुसतं गाळाचं वय वाढवलं तरी काही औषधांचं प्रमाण आपोआप खाली येतं, आणि तो फायदा जवळजवळ फुकट पडतो.

दुसरी अडचण ब्रोमाइडची. ओझोन त्याचं ब्रोमेट करतो, आणि पिण्याच्या पाण्यात ब्रोमेटची मर्यादा लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम आहे. ब्रोमाइड १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर सहसा निभावतं. वर असेल तर प्रत्यक्ष चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. समुद्राचं पाणी गटारात झिरपत असेल, कचरा जाळणाऱ्या कारखान्याचं किंवा डंपिंग ग्राउंडचं पाणी येत असेल तर हा आकडा वर जातो, त्यामुळे लाइनवर कोण कोण जोडलेलं आहे ते फिरून बघा.

चाचणी टेबलावर होते. बर्फात ठेवलेल्या शुद्ध पाण्यात ओझोन सोडत राहिलं की ताकदवान साठा द्रावण मिळतं. त्याची ताकद लगेच मोजा, कारण ती उतरत जाते. मग तुमच्या पाण्याच्या बाटल्यांत डीओसीच्या ०.२, ०.४, ०.६, ०.८ पट असे डोस घाला, साठ्याच्या पाण्यामुळे सॅम्पल पातळ झालं तेही हिशोबात धरा. प्रत्येक बाटलीचं २५४ नॅनोमीटरवरचं प्रकाशशोषण आधी आणि नंतर मोजा, आणि मगच औषधं व ब्रोमेट तपासायला पाठवा. त्यातून एक आलेख मिळतो: प्रकाशशोषण किती घटलं की औषधं किती घटली. हाच आलेख पुढे प्लांट चालवतो. औषधांचे रिपोर्ट यायला आठवडे लागतात, पण २५४ चा सेन्सर दर मिनिटाला बोलतो. बऱ्याच ठिकाणी औषधं ८० टक्के घटण्यासाठी प्रकाशशोषणातली घट ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास लागते, तरी दुसऱ्याचा आकडा उचलू नका. सेन्सरची काच मात्र नेमानं पुसा. शेवाळाचा थर बसला की सेन्सर भलतंच सांगतो आणि डोस नियंत्रकाला त्यातलं काही कळत नाही.

ओझोन रेणू तोडतो, नाहीसा करत नाही. तुटलेल्या तुकड्यांसाठी पुढे वाळूची किंवा कार्बनची जैविक गाळणी (जिच्या कणांवर वाढलेले जिवाणू ते तुकडे खातात) हवीच. ती खर्चातून कापायचा प्रस्ताव आला तर मी अख्खा टप्पा नको म्हणेन. संपर्क टाकीच्या छतावर उरलेला ओझोन नष्ट करणारं युनिट, खोलीत ०.१ पीपीएमला वाजणारा अलार्म, हेही तसंच. नाकावर विसंबू नका, नाकाला त्या वासाची सवय होते.

कार्बनचं गणित वेगळं. पावडर कार्बन लिटरला १० ते २० मिलिग्रॅम, अर्धा-पाऊण तास संपर्क, मग लोहक्षारानं गोळा करून गाळणं. पावडर आधी पाण्यात काही तास भिजू द्या, रंध्रांतली हवा निघाली नाही तर ती तरंगते. वापरलेली पावडर एअरेशन टाकीकडे परत पाठवली की तिच्यात उरलेली ताकद कामी येते, पण मग तो गाळ जाळायलाच लागतो, शेतात टाकता येत नाही. पंपांची झीज धरूनच पंप निवडा. आणि ओला कार्बन बंद टाकीतल्या हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्यामुळे गॅस मीटर आत सोडून पाहिल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका.

दाणेदार कार्बनच्या टाक्यांत २० ते ३० मिनिटांचा रिकामा संपर्ककाळ (कार्बनची जागा रिकामी मानून काढलेला पाणी आत राहण्याचा वेळ) धरतात. २५ मिनिटं धरली तर टाकीतून दिवसाला सुमारे ५८ घनफळं, म्हणजे कार्बनच्या थराच्या ५८ पट, पाणी जातं, आणि कार्बन बदलायचा हिशोब ज्यावर धरतात तो २०,००० घनफळांचा टप्पा साधारण वर्षात येतो. सगळ्या टाक्यांचा कार्बन एकदम बदलू नका. आलटून पालटून बदला, म्हणजे ताज्या आणि थकलेल्या टाक्यांचं पाणी मिसळून सरासरी टिकते आणि प्रत्येक टाकीतून जास्त काम निघतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे. ब्रोमाइड जास्त असेल, कारखान्यांचं पाणी येत असेल किंवा नायट्राइट आवरत नसेल तर कार्बन. गाळ शेतात जात असेल आणि तो मार्ग राखायचा असेल तर पावडर नको, ओझोन किंवा दाणेदार. घरगुती पाणी, चांगलं नायट्रिफिकेशन आणि आधीच असलेली वाळूची गाळणी असं जुळलं तर ओझोन स्वस्तात बसतो. एक्स-रेसाठी देतात त्या आयोडीनवाल्या औषधांवर ओझोन फारसा चालत नाही, आणि पीफासवर तर नाहीच. लांब साखळीचे पीफास कार्बन काही काळ धरतो, आखूड साखळीचे लवकर निसटतात. रिव्हर्स ऑस्मोसिस दोन्ही अडवतं, पण अडवलेलं सगळं घट्ट खारट पाण्यात जमा होतं. पुनर्वापर करायचा नसेल तर मी त्या वाटेला जात नाही. पीफास खरंच सापडले तर टाकीपाशी न थांबता लाइनवर मागे जा: मॅनहोलमागून मॅनहोल सॅम्पल घेत. क्रोम प्लेटिंगचा कारखाना, अग्निशमन फेसाचं सराव मैदान, कापडावर जलरोधक थर देणारं युनिट, यांच्यापासून सुरुवात करा.