मॉर्फीनच्या गोळ्या घरी देताना आणि सांभाळताना

रामबागेत किंवा लोकमान्य नगरात, इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात कर्करोगाच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिले की आधी घरच्यांच्या मनात पाल चुकचुकते, "म्हणजे आता काही आशा उरली नाही का?", आणि मग शेजारपाजारचे विचारतात, "त्याची सवय लागली तर?" प्रश्न दोन्ही रास्त आहेत, पण त्यांच्या धास्तीने गोळ्या कपाटात पडून राहाव्यात आणि माणसाने रात्रभर कण्हत पडावे, हे मला पटत नाही. मॉर्फीन हे वेदनेसाठी दिले जाते, आयुष्य किती उरले यावरून नव्हे. प्रत्येक रुग्णाची मात्रा त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची असते. तिच्याभोवतीची घरातली शिस्त मात्र आपल्या हातात आहे, आणि या लेखात तीच सांगायची आहे.

हे औषध अफूपासून निघते, आणि अफूचे परवान्याचे पीक आपल्या माळव्यातच, मंदसौर-नीमचच्या शेतांत उभे असते. नीमचला त्यावर प्रक्रिया करणारा सरकारी कारखानाही आहे. तरीही १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातील कडक अटींमुळे खुद्द रुग्णांपर्यंत मॉर्फीन पोहोचणे वर्षानुवर्षे अवघड होते. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट बरीच मोकळी झाली, आणि आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून ते रीतसर मिळते. दवा बाजारात दुकाने पालथी घालण्यापेक्षा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे की ते कुठून घ्यायचे, आणि पर्चीची एक प्रत घरी जपून ठेवावी.

साधी गोळी सुमारे चार तास काम करते. म्हणून ती दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळाप्रमाणे द्यायची असते. सासरे म्हणतात, "सूनबाई, आत्ता दुखत नाहीये, राहू दे," आणि सूनबाईंनाही वाटते, एक गोळी वाचली. दोन तासांनी वेदना उसळते, आणि ती आटोक्यात आणायला आधीपेक्षा जास्त औषध लागते. अशा वेळी "बाबा, दुखत नाहीये ते या गोळीमुळेच," एवढे सांगून गोळी द्यावी. नेमलेल्या दोन वेळांच्या मध्येच कळ आली तर किती जादा मात्रा द्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. बारा तास चालणारी गोळी वेगळी असते; ती कधीही कुटून, चावून किंवा अर्धी करून देऊ नये, कारण मग बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. त्वचेवर लावायची फेंटॅनिलची (हे मॉर्फीनच्याच जातीचे वेदनाशामक) पट्टी असेल तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, आणि ताप चढला तर डॉक्टरांना कळवावे. उष्णतेने औषध जास्त वेगाने शोषले जाते.

एक साधी रेघांची वही करा. तारीख, वेळ, किती मिलिग्रॅम, शून्य ते दहांपैकी वेदना किती, शौचाला झाली की नाही आणि पाकिटात किती गोळ्या उरल्या, एवढे सहा रकाने पुरतात. रात्रपाळीला मुलगा बसला, सकाळी सून आली, दुपारी नणंद आली, तरी वहीमुळे तीच मात्रा दोनदा जात नाही. शौचाचा रकाना मी मुद्दाम घातला आहे: मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, पण बद्धकोष्ठ औषध चालू असेपर्यंत राहते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून रेचक सोबत हवे. फक्त पपई आणि इसबगोल यांच्यावर भागत नाही. मूत्रपिंड अधू असेल तर औषधाचे अंश शरीरात साठतात, म्हणून लघवी कमी झाल्याचे लगेच सांगावे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्यासोबत मॉर्फीन गेले तर श्वास मंदावतो. डॉक्टरांना न विचारता हा मेळ कधीही घालू नये.

गोळ्या कुलपात असाव्यात आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी, भाच्याच्या पाठदुखीसाठी यातली एकही देऊ नये. ज्याला या औषधाची सवय नाही, त्याला रुग्णाची नेहमीची मात्राही जिवावर बेतू शकते. रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत, जिथून आणल्या तिथेच नोंद करून परत कराव्यात.

आता सवयीविषयी. काही आठवडे औषध घेतलेल्या कोणालाही ते एकाएकी बंद केल्यास जांभया, नाक-डोळे गळणे, अंगावर काटा, पायांत गोळे आणि जुलाब असा त्रास होतो. हे शरीराचे अवलंबन आहे आणि मात्रा हळूहळू उतरवली की ते निभते. व्यसन वेगळे: त्यात दुखणे नसतानाही मन औषधाकडे ओढ घेते आणि नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. जो रुग्ण वेळेआधी गोळी मागतो, त्याला लगेच व्यसनी ठरवू नये. पुष्कळदा मात्राच अपुरी असते, आणि ती वाढवताच मागणी थांबते. खरी काळजी तेव्हा करावी, जेव्हा वहीतला आकडा आणि पाकीट जुळत नाही, गोळी वेदनेसाठी नव्हे तर मनःस्थितीसाठी किंवा झोपेसाठी मागितली जाते, किंवा एकाच वेळी दोन डॉक्टरांकडून पर्च्या आणल्या जातात.

शहरात व्यसनाचा धोका कर्करोगाच्या रुग्णापेक्षा इतरत्र जास्त आहे. ट्रॅमाडॉल ही मामुली दुखण्याची गोळी समजली जाते, पण २०१८पासून ती अमली पदार्थ कायद्याखाली आली आहे. जास्त मात्रेत तिने फेफरे येते, आणि नैराश्याच्या काही औषधांबरोबर ती धोकादायक ठरते. कोडीनचे खोकल्याचे औषध बाटलीच्या बाटली पिणारी मुले आणि पेंटाझोसिनची इंजेक्शने स्वतःच टोचून हाता-मांडीला गळवे करून घेणारी माणसे हीदेखील याच वाटेवर आहेत. माळव्यातल्या खेड्यांत समारंभाला अफू पुढे करण्याची जी चाल होती, तिने "थोडी अफू औषधच" हा समज रुजवला, आणि तो आपण घरी तरी मोडून काढायला हवा.

माणूस हाका मारूनही जागा होत नसेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर छातीकडे पाहत घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. आठ-दहापेक्षा कमी भरले तर १०८ला फोन करा, पुढची मात्रा देऊ नका, तोंडात काही घालू नका आणि त्याला कुशीवर वळवून ठेवा. श्वास चालतच नसेल तर मिनिट पुरे होण्याची वाट पाहू नका. याचा उतारा नॅलोक्सोन आहे आणि तो रुग्णालयात मिळतो. म्हणून काय आणि किती घेतले, हे न लपवता सांगावे व वही सोबत न्यावी.

व्यसन लागल्याचे कळले तर घरात कोंडून औषध तोडू नका. ब्यूप्रेनॉर्फीन किंवा मेथाडोन या औषधांनी, देखरेखीखाली, उपचार होतो, आणि तो अनेकदा महिनोन्महिने चालतो. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर जवळच्या केंद्राची माहिती मिळते. पोलिसांची भीती वाटत असेल तर हे ध्यानात घ्या की थोड्या प्रमाणातल्या सेवनाच्या गुन्ह्यात जो स्वतःहून उपचार घ्यायला तयार असतो, त्याला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद कायद्याच्या कलम ६४अ मध्ये आहे. उपचारानंतर सर्वांत जास्त सावध राहावे लागते ते पहिल्या काही आठवड्यांत: शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते, आणि घसरण झाली तर जुनी, ओळखीची मात्राच श्वास थांबवू शकते. हे रुग्णाला आणि घरातल्या सगळ्यांना, केंद्रातून बाहेर पडण्याआधीच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.