जुनी त्सुबा घेताय? नक्षी मागाहून, आधी भोक बघा

माझी पहिली त्सुबा ओतीव निघाली. जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसणारी ही तबकडी, कटानाची असेल तर साधारण ७-८ सेंटिमीटरची. टोकियोतल्या एका जुन्या बाजारात तिच्यावरच्या बगळ्यावर मी भाळलो. विक्रेता "एदो काळातली" (म्हणजे १६०३ ते १८६८ मधली) म्हणाला, मी मान डोलावली. घरी येऊन भिंग लावलं, तर बगळ्याच्या पायांमधल्या आरपार जागेत, आतल्या भिंतीवर, मधोमध एक बारीक उंचवटा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली ती रेघ. घडीव लोखंडातून छिन्नी-कानशीने ती जागा कापली असती, तर तिथे अशी रेघ आलीच नसती.

पहिली चूक हीच, दर्शनी बाजूवर भाळण्याची. मधल्या भोकात बघा. त्यातून पात्याचा मागचा दांडा जातो. प्रत्येक दांडा वेगळा, म्हणून भोक कानशीने वाढवलेलं असतं, नाहीतर काठावर छिन्नीचे घाव घालून किंवा तांब्याचे तुकडे ठोकून आवळलेलं असतं. हे घाव धारदार, खोल आणि एकमेकांशी न जुळणारे हवेत. ओतीव नकलेत मूळ त्सुबाचे घावसुद्धा साच्यातून उतरतात, पण साबणाच्या वडीवर कोरल्यासारखे बोथट. उलट, भोकाला कधीच हात लागला नसेल तर ती नकलीच, असंही नाही. काही त्सुबा तलवारीवर चढल्याच नाहीत.

लोहचुंबक चिकटलं म्हणून खूश होऊ नका. बिडाच्या नकलेलाही ते चिकटतंच.

तांब्याच्या मिश्रधातूंच्या कामात माझी भिस्त नानाकोवर असते. नानाको म्हणजे टोकाला वाटीसारखी खोलगट असलेल्या छिन्नीने एकेक ठोका देत उठवलेली बारीक दाण्यांची जमीन. गाबोळी आठवा, तशीच दिसते. नावाचा अर्थही माशाची अंडी असाच आहे. चांगल्या कामात दाणे ओळीत, सुटे आणि चित्राच्या अगदी कडेपर्यंत गेलेले दिसतात. ओतीव कामात ते एकमेकांत वितळतात, आणि चित्राच्या कडेला तर नुसता चिखल.

दुसरी मोठी चूक सही वाचून किंमत मोजण्याची. नोबुइए, कानेइए या नावाजलेल्या त्सुबा-कारागिरांची नावं एदो काळातच खोटी कोरली जात होती. म्हणजे त्सुबा खरोखर दोनशे वर्षांची आणि सही तरीही खोटी, असं होऊ शकतं. काम उत्तम असेल तर मी ती घेईन, पण बिनसहीच्या भावात. तलवारीचे साज घडवणाऱ्या गोतो घराण्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांनी तर बहुधा सह्या केल्याच नाहीत. तेव्हा सही नाही म्हणून नाक मुरडू नका.

"मेइजी काळातली (एदोनंतरची, १८६८ ते १९१२), म्हणजे दुय्यम" हाही गैरसमजच. १८७६ मध्ये तलवार कमरेला लावून फिरण्यावर बंदी आली, कारागिरांचं गिऱ्हाईक गेलं, पण हातातली कला गेली नाही. कानो नात्सुओ या त्सुबा-कारागिराने (१८२८–१८९८) त्याच काळात मेइजी सरकारच्या नाण्यांवरही काम केलं. परदेशी पाहुण्यांसाठी घाईने केलेला भडक माल याच काळातला आहे, हेही खरं.

कागदपत्रं असतील तर उत्तम. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एनबीटीएचके या जपानी तलवारी जतन करणाऱ्या संस्थेच्या दाखल्यावर त्सुबाचा फोटो असतो. तो हातातल्या वस्तूशी भोकाच्या घावांपर्यंत ताडून बघा. लाकडी पेटीवरच्या सुंदर अक्षरांवर मात्र जाऊ नका. पेटी एकीची आणि आत दुसरीच, असं चालतं.

आणि घरी आणल्यावरची चूक, जी आपल्याकडे हमखास होईल: पितांबरी. शाकुदो म्हणजे थोडं सोनं मिसळलेलं तांबं. त्याचा निळसर काळा रंग म्हणजे रसायनात उकळून आणलेली पातळ कातडी. घासलंत की खालचं तांबूस उघडं पडतं, आणि कातडी परत चढवणं घरचं काम नाही. लोखंडावरचा काळसर थर तसाच ठेवा. तांबडा गंज तेवढा हाडाच्या किंवा शिंगाच्या तुकड्याने हळूहळू खरवडा. सँडपेपर, तारेचा ब्रश, गंज काढणारी रसायनं नकोत.

बगळ्याची त्सुबा अजून टेबलावर आहे. कोणी नवशिका आला की भिंगासकट त्याच्या हातात देतो. अजून तरी प्रत्येकाने आधी बगळाच बघितलाय.