बर्गनला दोन-तीन दिवस जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

नॉर्वेतल्या बर्गनच्या विमानतळाबाहेर मोठाल्या अक्षरांत शहराचं नाव उभं केलंय आणि त्याच्यापुढे चक्क प्रश्नचिन्ह: ‘बर्गन?’ आम्ही दोघी खो-खो हसलो, फोटो काढला. शहरात पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला, समोरचे डोंगर ढगात गेले आणि ते प्रश्नचिन्ह आपल्यालाच विचारलंय असं वाटायला लागलं.

मी अ‍ॅमस्टरडॅमला, मैत्रीण लंडनला. शनिवार ते सोमवार असं अडीच दिवसांचं ठरलं. तिने एक्सेल शीट बनवली होती. रविवारी दहा वाजता फ्लोयनचा डोंगर, साडेबाराला जेवण, दीडला ब्रिगनची जुनी लाकडी घरं, वगैरे. अष्टविनायकाची बस निघते तशी. आमच्या बहुतेक चुका त्या शीटमधूनच निघाल्या.

डोंगराची वेळ आधी ठरवणं

बर्गनमध्ये वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईत साधारण तेवढाच पडतो की, असं मीही म्हटलं होतं. फरक असा की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होतो, हा बाराही महिने हप्त्याने येतो. 2006-07 च्या हिवाळ्यात तर तिथे सलग 85 दिवस पावसाची नोंद झाली. त्यामुळे ‘पाऊस नसलेला दिवस बघून जाऊ’ हा विचार सोडून द्या. दिवस नव्हे, तास बघायचा.

आम्ही शीटप्रमाणे रविवारी बरोबर दहाला फ्लोयबाननच्या रांगेत. ही 1918 पासून चालणारी रुळांवरची डोंगरगाडी, मासळीबाजारापासून दोन मिनिटांवर. सात-आठ मिनिटांत 320 मीटरवर नेऊन सोडते. वर पोचलो तर समोर पांढरं. नुसतं पांढरं. शहर, बंदर, समुद्र काही नाही. कठड्याला टेकून वीस माणसं त्या पांढऱ्याचे फोटो काढत होती. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सातला, आम्ही खोलीत बॅगा लावत बसलो होतो तेव्हा, स्वच्छ ऊन पडलं होतं!

तर उपाय हा: डोंगर कुठल्याही खान्यात लिहू नका. ढग उचलले की हातातलं काम टाकून निघायचं. हवामानासाठी तिथले लोक ‘यर’ हे अ‍ॅप बघतात. ते नॉर्वेच्या हवामान खात्याचं आणि सरकारी प्रसारण संस्थेचं आहे, आणि तासातासाचा अंदाज देतं. उन्हाळ्यात तर घाईच नाही. जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवून डोंगरावर गेलात तरी चालतं. क्रूझवरची गर्दीही तोवर बोटीवर परतलेली असते. डिसेंबरात मात्र उलट, उजेड जेमतेम सहा तास, म्हणजे ऊन दिसलं की धावायचं.

तिकीट जाण्याचं एकेरीच काढा, हा माझा आग्रह. उतरताना जंगलातून नागमोडी वाट आहे, रमतगमत पाऊण तास लागतो. उन्हाळ्यात वर शेळ्या चरत असतात, गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधलेल्या. कुंपण नाही, ठरलेली हद्द ओलांडायला लागली की पट्टा आवाज करतो आणि शेळी मुकाट वळते. माझ्या मैत्रिणीच्या मते आमच्या अख्ख्या सहलीत शिस्तीत वागणाऱ्या त्या एकट्याच.

उलरिकन हा दुसरा डोंगर 643 मीटरचा, शहराभोवतीच्या सात डोंगरांत सगळ्यात उंच. तिथे रोपवे आहे, पण वारा जोरात असेल तर तो बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी बघून घ्या. चढायची हौस असेल तर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेल्या दगडी पायऱ्या आहेत, 1333. सिंहगड नेमाने चढणाऱ्यांना जमतील. धुकं असताना मात्र उलरिकन ते फ्लोयन हा पठारावरचा लांबचा ट्रेक करू नका. पाच-सहा तास लागतात आणि वर वाट सापडणं कठीण होतं.

छत्री

नेऊ नका. पाऊस आडवा येतो आणि वाऱ्याने काड्या उलट्या होतात. कोपऱ्यावरच्या कचरापेटीत तोंड खाली करून पडलेल्या छत्र्या बघितल्यावरही आम्ही एक विकत घेतली, हा मूर्खपणा वेगळा. टोपीचं पावसाळी जॅकेट आणि पाणी न शिरणारे बूट, बास. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही.

बूट भिजलेच तर? नॉर्वेत बऱ्याच बाथरूमची फरशी खालून गरम असते. रात्री बुटांत कागदाचे बोळे कोंबून ते फरशीवर ठेवून द्या, सकाळी कोरडे. मोजेही तिथेच. आमचं बाथरूम दोन रात्री धोब्याच्या घाटासारखं दिसत होतं.

ब्रिगन समोरून बघून परत फिरणं

बंदराच्या काठची ती लाल-पिवळी लाकडी घरं म्हणजे ब्रिगन. 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत. हान्सा या जर्मन व्यापारी संघाची वखार इथे होती. उत्तरेकडून येणारा सुकवलेला कॉड मासा घ्यायचा आणि धान्य द्यायचं, असा व्यवहार. आपल्या सुकटीचा थोरला भाऊ म्हणा. 1702 च्या आगीत सगळं जळालं, मग जुन्याच पायांवर पुन्हा उभारलं. बहुतेक जण समोरच्या धक्क्यावरून फोटो काढतात, पुढच्या दुकानातून एक फ्रिज-मॅग्नेट घेतात आणि निघतात. आम्हीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी सर आली म्हणून दोन घरांमधल्या बोळात घुसलो, तेव्हा खरं ब्रिगन दिसलं. वरचे मजले एकमेकांकडे कललेले, मालाच्या कप्प्या अजून टांगलेल्या, पायाखाली फळ्या करकरतात आणि ओल्या लाकडाला डांबरासारखा वास. आगीच्या भीतीने इथल्या व्यापाऱ्यांना राहत्या घरात विस्तव पेटवायला बंदी होती. स्वयंपाक आणि शेकणं, दोन्हीसाठी मागे वेगळ्या खोल्या होत्या. बर्गनच्या थंडीत! ओल्या फळ्यांवरून मात्र जपून चाला, त्या शेवाळलेल्या पायरीसारख्या सटकतात.

शनिवारी संध्याकाळी रिकाम्या पिशवीने पोचणं

रविवारी नॉर्वेत मोठी किराणा दुकानं बंद. हे वाचलेलं होतं, पण आपल्याकडे ‘बंद’ म्हणजे अर्धं शटर खाली, हाक मारली की काम होतं. तिथे बंद म्हणजे बंद. छोटी दुकानं उघडी असतात, महाग आणि निवड थोडी. रविवारी सकाळी आम्ही चहाबरोबर विमानात मिळालेली बिस्किटं खाल्ली. म्हणून शनिवारी उतरल्या उतरल्या आधी किवी किंवा रेमा 1000 या किराणा दुकानात जा. ब्रेड, चीज, अंडी, दही, फळं घ्या, फिरणं नंतर.

बाल्कनीत बसून वाइन प्यायचा बेत असेल तर आणखी लवकर. 4.7 टक्क्यांच्या वरचं मद्य फक्त विनमोनोपोलेट या सरकारी दुकानात मिळतं. ते शनिवारी दुपारीच बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. बिअरही दुकानात शनिवारी संध्याकाळी सहानंतर देत नाहीत. आमचा ग्लास कोमट लिंबू-पाण्याचा होता.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं. आणि मासळीबाजारात पोटभर जेवायची चूक करू नका. आम्ही गेलो तेव्हा तिथला एक क्रोन म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये होते, तो गुणाकार जिवावर येतो. बघायला जरूर जा, फिश सूप एकच घेऊन दोघींत खा. मलईदार, मवाळ. मालवणी जिभेला त्यात काहीतरी विसरलंय असं वाटत राहतं. माझ्या पर्समध्ये लसणाची चटणी होती, पण ती काढायची हिंमत झाली नाही. काही टपऱ्यांवर व्हेलचं मांसही असतं, चव घ्यायला पुढे केलेलं तोंडात टाकण्याआधी विचारा. पैसे वसूल होतात ते शिलिंग्सबोलेवर. दालचिनी-साखरेची तळहाताएवढी गुंडाळी, सकाळी गरम असते तेव्हा खा.

पैसे, तिकीट, व्हिसा

रोख पैसे बदलून नेऊ नका, सगळीकडे कार्ड चालतं. मशीनने ‘तुमच्या चलनात घेऊ का’ विचारलं तर नको म्हणा, क्रोनच ठेवा. विमानतळावरून टॅक्सी नको. बिबानन ही ट्राम पाऊण तासात शहरात आणते आणि तिकीट शहरातल्या साध्या तिकिटाइतकंच. चढण्याआधी काढा, कारण तपासनीस येतात.

मैत्रिणीला वाटत होतं की नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसावर चालेल. नाही चालत. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. युरोपातल्या शेंगेन देशाचं रेसिडेन्स परमिट असेल तर वेगळा नको. तिला अपॉइंटमेंट मिळेपर्यंत आमची सहल महिनाभर पुढे गेली.

अडीच दिवसांत अख्खं नॉर्वे

व्हॉस, गुडवांगेन, फ्लोम, मिरडाल असा ट्रेन-बस-बोटीचा फेरा एका दिवसात होतो, पण तो दिवस सकाळी सुरू होऊन रात्री संपतो. देखणा आहे, पण अडीच दिवसांतला एक तिथे गेला की बर्गन उरतं किती? बंदरातूनच सुटणारी मोस्ट्राउमेनची बोट साडेतीन तासांत फियोर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, दाखवून परत आणते. आम्हाला ती पुरली.

मैत्रिणीशी आधी न बोलणं

माझी उठण्याची वेळ सहा, तिची साडेनऊ. मला चालायचं, तिला बसून बंदर बघायचं. रविवारी दुपारी भर पावसात, लिले लुंगेगॉर्ड तळ्याकाठी आमचं वाजलं. ‘अगं, पाऊसच तर आहे!’ मी म्हणाले. ‘पाऊस बघायला मी लंडन सोडून आले का?’ ती. मग ती तळ्याकाठच्याच कोडे या कलासंग्रहालयात मुंक या नॉर्वेजियन चित्रकाराची चित्रं बघायला गेली आणि मी ब्रिगनच्या मागच्या गल्ल्यांतून हिंडले. सहाला भेटलो तेव्हा दोघी खुशीत. रोज दोन-तीन तास वेगळं फिरायचं हे निघण्याआधीच ठरवलं असतं, तर भांडण टळलं असतं.

सोमवारी सकाळी सात वाजता तिने मला हलवून उठवलं. तिने मला! खिडकीतून फ्लोयनचा माथा स्वच्छ दिसत होता. शीटमध्ये त्या वेळेला ‘बॅगा भरणे’ लिहिलं होतं. आम्ही बॅगा तशाच उघड्या टाकून, नाइट ड्रेसवर जॅकेट चढवून पळालो.