काळ्या रानातून लाल मातीच्या अभ्यासाकडे

खान्देशातून भूविज्ञानाकडे येणारी मुलं मला हमखास विचारतात, "चुनखडकावरच्या लाल मातीवर काम करायचंय, पण आपल्याकडे तर सगळी काळीच." सुरुवात इथूनच होते. आपल्या पायाखाली बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक आहे आणि शेतात सापडणारे चुनखडीचे खडे मातीतच साकळलेले असतात, हे मात्र आधी पक्कं करा. खरी टेरा रोसा, म्हणजे चुनखडकावरची लाल माती, क्रोएशियातल्या इस्त्रियात, इटलीतल्या पुलियात, ऑस्ट्रेलियातल्या कूनावारात.

चुनखडीच्या जमिनीत पिकावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात, हे घरात ऐकलेलं असेल. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. मला लाल मातीचं रसायन इथेच उमगलं. पावसाचं किंचित आम्ल पाणी चुना विरघळवून नेतं, लोह मागे राहतं आणि कोरड्या-ओल्या ऋतूंच्या फेऱ्यांत त्याचं हेमॅटाइट हे लाल लोहखनिज होतं. त्याचाच तो लाल रंग.

हे झालं पहिलं मत. पण एवढी माती व्हायला मागे राहिलेला गाळ पुरतो का? हिशेब स्वतः मांडून बघा. खडकात न विरघळणारा भाग 2 टक्के आणि मातीची घनता खडकाच्या निम्मी धरली, तर 1 मीटर मातीसाठी 25 मीटर चुनखडक झिजावा लागतो. भाग अर्धा टक्काच असेल तर 100 मीटर! म्हणून दुसरं मत आलं: वाऱ्याने आणलेली धूळ. बर्म्युडा, बहामा या बेटांवरच्या लाल मातीत सहाराची धूळ सापडते. 2008 मध्ये एन्रिक मेरिनो आणि अमलान बॅनर्जी या भूवैज्ञानिकांनी तिसरी बाजू मांडली. धुळीतून विरघळून आलेल्या लोह-अ‍ॅल्युमिनियमपासून चिकणखनिजं (चिकणमातीची खनिजं) चुनखडकाच्या जागीच वाढतात, त्या क्रियेत आम्ल सुटतं आणि तेच खडक खातं. मला हे फार देखणं वाटतं. तरी सगळ्या जगाला एकच उत्तर लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

रंगावर विश्वास टाकू नका. दख्खनच्या लाव्हाथरांमधला लाल मातकट थर, म्हणजे लाल बोल, घाटातल्या रस्त्याच्या कापात बघा. तोही लोहानेच लाल, पण चुनखडकाशी त्याचा संबंध नाही.

हात बसवायला चुनखडकाचा तुकडा सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवा, उरलेला गाळ धुऊन, वाळवून तोला. हायड्रोक्लोरिक आम्ल फसफस बघण्यापुरतं ठीक, ते चिकणखनिजांना इजा करतं. पुढे एक्स-रे विवर्तन (खनिजं ओळखायची पद्धत) आणि सूक्ष्मदर्शकाखालचे पातळ छेद शिकून घ्या.

प्रकल्पासाठी चुनखडक हवा असेल तर महाराष्ट्रातच यवतमाळ जिल्ह्यातला वणी परिसर आहे. तिकडे बसाल्टही दूर नाही, त्यामुळे मातीतलं लोह कुठून आलं हा प्रश्न खराच उभा राहतो. टायटॅनियम आणि झिर्कोनियम सहसा जागा सोडत नाहीत. त्यांचं गुणोत्तर मातीत, चुनखडकात आणि बसाल्टमध्ये, तिन्हीकडे मोजा; मातीचं ज्याच्याशी जुळेल, तिथून ती आली असावी.