लांब सरळ केसांची टोकं नीट कशी राखावी

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंत वेणी असेल तर तिचं टोक पाचेक वर्षांचं असतं आणि तेवढे उन्हाळे त्याने सोसलेले असतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, त्यात टोकं वाळणारच. कुरळ्या केसांत ते लपून जातं, सरळ केसांत लगेच डोळ्यांत भरतं.

एकदा केसाला फाटा फुटला की तेल, सिरम, काहीही तो जोडत नाही. फार तर पुढच्या न्हाणापर्यंत चिकटवून ठेवतं. म्हणून आधी कात्री. घरात कापड, कागद आणि दुधाची पिशवी कापणारी असते ती नको. बोथट पातं केस चेचतं आणि तिथूनच नवा फाटा फुटतो. केसांसाठी एक धारदार कात्री वेगळी ठेवा.

केस कोरडे असताना, विंचरून, पाठीवर मोकळे सोडून ताठ बसा. ओला केस ताणला जातो. तसाच कापला तर वाळल्यावर हवा त्यापेक्षा आखूड होतो. मागून जावेला किंवा बहिणीला कापायला सांगा. स्वतः खांद्यावरून पुढे ओढून कापलं तर मागची रेघ सरळ येत नाही. दर तीन महिन्यांनी एक-दोन सेंटीमीटर पुरे. लांबी तरीही वाढतच राहते.

मधल्या काळात अंगणात उजेडाला बसा, मांडीवर पांढरं फडकं घ्या. बारीक बट घेऊन तिला पीळ द्या. पिळातून तुटके केस आडवे बाहेर येतात. त्यांतला फाटा दिसला की त्याच्या अर्धा सेंटीमीटर वर कापा. काम किचकट आहे, पण लांबी राखायची असेल तर याला तोड नाही.

आता पाणी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात किंवा जड पाण्याच्या बोअरवर साबणाने डोकं धुऊ नका. पाण्यातल्या क्षारांशी मिळून साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. शाम्पू किंवा शिकेकाई बरी. शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा, तो टोकांवर ओता. मग टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात केस दाबून टिपा. गुंता खालून वर सोडवत या.

तेल न्हायच्या आधी, नारळाचं. ते केसाच्या आत शिरतं. थंडीत बाटलीत गोठलं तर कोमट पाण्यात ठेवा. जवस इकडचंच पीक असलं तरी त्याचं तेल टोकांना लावून ठेवू नका. हवेत ते घट्ट होत जातं आणि केस चिकट होतात.

कपाशी वेचायला जाताना वेणी गुंडाळून अंबाडा घाला, वर दुपट्टा बांधा. फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं कापडाला धरतात तशी मोकळ्या शेपट्यालाही धरतात, आणि हिसका दिला की केस तुटतो. गाडीवरही हेच: नुसतं डोकं झाकून शेपटा वाऱ्यावर सोडला तर उपयोग नाही. रात्री सैल वेणी घाला, टोकाला रबराऐवजी सुती चिंधी बांधा.