टाकीत क्लोरीन, माठात शून्य: विद्यार्थी-प्रकल्पासाठी मोजणीची पद्धत

धडगाव-अक्कलकुव्याचा पाडा असो की चोपडा-यावलकडचं गाव, पाण्यावरचा विद्यार्थी-प्रकल्प बहुतेक वेळा ‘तालुक्यातील पाण्याची गुणवत्ता’ अशा नावाने सुरू होतो आणि त्या नावाखालीच दबून जातो. प्रश्न लहान घ्या: टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून सोडलेल्या पाण्यात, घरात पिईपर्यंत किती क्लोरीन उरतं? एक गाव, एक टाकी, तीसेक घरं. एका सत्रात एवढं नीट होतं.

आयएस १०५०० : २०१२ नुसार पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पण मोजणी होते ती टाकीवर नाहीतर नळावर. दक्षिण सुदानच्या निर्वासित छावण्यांमधल्या अभ्यासात दिसलं ते हेच: नळावर पुरेसं असलेलं क्लोरीन घरात टिकत नव्हतं. खानदेशचा उन्हाळा आणि दिवसाआड येणारं पाणी पाहता इथेही तेच तपासायचं आहे.

जलसुरक्षकाकडची (गावात पाण्यात क्लोरीन टाकणारा पंचायतीचा माणूस) ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन चाचणी रोजच्या पाहणीला चालते, संशोधनाला नको. तिचा पिवळा रंग काही सेकंदांत वाचला नाही तर संयुक्त क्लोरीनही (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलं गेलेलं, कमी मारक) त्यात मिसळतं आणि आकडा फुगतो. डीपीडीचा कम्पॅरेटर (गुलाबी रंग पट्टीशी ताडून क्लोरीन वाचायचा संच) आणि मुक्त क्लोरीन दाखवणाऱ्या एक नंबरच्या गोळ्या घ्या. सोबत थर्मामीटर, गढूळपणा मोजायची नळी, पीएचच्या पट्ट्या.

आधी पावडर तपासा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. उघड्या गोणीत, पत्र्याच्या खोलीत ते भराभर उडतं. हातमोजे आणि मास्क घालून, मोकळ्या जागी, प्लास्टिकच्या भांड्यात ३० ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात कालवा, एक लिटर करा, निवळू द्या. वरचं स्वच्छ द्रावण सुमारे एक टक्क्याचं. ते दहापट पातळ करून त्यातलं १ मिलि एक लिटर आरओच्या पाण्यात टाकलं की १ मिलिग्रॅम दिसायला हवं. ०.५ दिसलं तर पावडरीचा अर्धा दम गेला. पुढच्या हिशेबात तेवढी भर घाला.

मग गावाचं पाणी किती क्लोरीन खातं ते बघा. क्लोरीन न टाकलेल्या पाण्याच्या २० लिटरच्या चार बादल्या भरा आणि मूळ एक टक्क्याचं द्रावण २, ४, ६, ८ मिलि असं टाका, म्हणजे लिटरला १, २, ३, ४ मिलिग्रॅम. झाकून सावलीत अर्धा तास ठेवा. ज्या बादलीत ०.५ च्या आसपास उरतं, ती गावाची मात्रा. पावसाळ्यात नाल्याचं पाणी ५ एनटीयूपेक्षा (गढूळपणाचं एकक) गढूळ असेल तर आधी तुरटी, नंतर टीसीएल. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. पीएच ८ च्या वर असेल तर क्लोरीन असूनही त्याची मारकशक्ती कमी पडते.

खरं काम पुढे आहे, आणि बहुतेकांचं तिथेच बिघडतं. नमुना बाटलीत भरून नंदुरबार-जळगावच्या प्रयोगशाळेत न्यायचा नाही. क्लोरीन वाटेतच संपतं. जागेवर, काही मिनिटांत मोजा. नळी त्याच पाण्याने दोनदा विसळा, १० मिलि भरा, गोळीला बोट न लावता टाका, विरघळताच मिनिटाभरात सावलीत वाचा. दोघांनी एकमेकांना न सांगता वाचून दोन्ही आकडे लिहावेत. पाण्याला क्लोरीनचा भपका येतोय पण रंग उमटून लगेच उडाला, तर क्लोरीन नाही असं लिहू नका: ते इतकं जास्त आहे की रंगच उडवतंय. नमुना आरओच्या पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा मोजा.

नमुने एकाच पाण्याचे हवेत. नळावर हंडा भरताना एक, त्याच हंड्याचं पाणी घरात ओतल्यावर सहा तासांनी दुसरा, २४ तासांनी तिसरा. माठ की स्टील, झाकण आहे का, ओगराळ्याने घेतात की हात बुडतो, तळाला जुनं पाणी शिल्लक होतं का, हे लिहा. मातीच्या माठात क्लोरीन लवकर संपतं; माठ आणि स्टील एकत्र करून सरासरी काढू नका. ‘कधी भरलं?’ याला घड्याळाचं उत्तर क्वचित मिळतं. शाळेची घंटा किंवा सकाळची एसटी धरून विचारा. पाड्यावर भिली किंवा पावरी बोलणारी व्यक्ती सोबत हवीच. आशाताई आल्या तर दार लवकर उघडतं, पण उत्तरंही जरा गोड येतात. आणि तारीख पंचायतीला आधी कळवली तर त्या दिवशी टाकीत दुप्पट पावडर पडलेली असते! परवानगी महिन्याची घ्या, दिवस सांगू नका.

हिशेबाचं उदाहरण: नळावर ०.८, सहा तासांनी ०.४. दर सहा तासांनी निम्मं धरलं तर बारा तासांनी ०.२, चोवीस तासांनी ०.०५. चोवीस तास ०.२ टिकवायचं तर नळावर ३.२ लागेल, वासानेच लोक ते पाणी सोडून झिऱ्यावर जातील. अशा गावात पावडर वाढवा असं लिहू नका. पाणी रोज, थोडं थोडं सोडता येईल का, साठवणीचं भांडं झाकलं-घासलं जातं का, हे सुचवा.

अतिसाराचा प्रश्न जोडायचा असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल, मागच्या दोन आठवड्यांत २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले का, एवढंच विचारा. तीस घरांच्या आकड्यांवर ‘क्लोरीनमुळे अतिसार घटला’ असं म्हणता येत नाही. यासाठी महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या आणि अहवालात घरांना फक्त क्रमांक द्या. एखाद्या घरी शून्य आलं तर ते त्याच दिवशी, त्याच घरी सांगा. अहवाल छापून येईपर्यंत थांबू नका.